रुपया पडला तर जंगल कोणाचं?



१९९७-९८ मध्ये वर्षभर रेडिओवर आणि बाजारगावच्या हॉटेलातल्या पेपरात एकच बातमी फिरून फिरून येत होती. डॉलर वाढला, रुपया पडला. थायलंडचं चलन कोसळलं, इंडोनेशियाचं कोसळलं, कोरियाचं कोसळलं. गावोगावच्या बैठकांत हा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "आमच्याकडं नोटा हायेत कुठं? पडंल तर पडू दे. आमाला काय त्याचं?"

प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घरात पावसाळ्यात दहाची नोट टिकत नाही त्याने नोटेची काळजी कशाला करायची? पण आमचं मत वेगळं आहे. देशाचं चलन कोसळतं तेव्हा पहिला फटका मजुरीला बसतो, दुसरा धान्याला बसतो, आणि तिसरा फटका जंगल-जमिनीला बसतो. पहिले दोन पेपरात छापून येतात. तिसरा छापून येत नाही, आणि आपल्याला सगळ्यात जास्त भिडतो तो तिसराच. म्हणून हे चार शब्द.

नोट म्हणजे कोणाचा तरी शब्द

नोट हातात घेऊन बघा. तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही आहे आणि धारकाला अमुक रुपये देण्याचं वचन आहे. म्हणजे नोट ही चिठ्ठी आहे. दुकानदार तांदूळ देतो ते कागदासाठी देत नाही. उद्या हा कागद दुसरा कोणीतरी घेईल या भरवशावर देतो.

पूर्वी या भरवशाच्या मागे सोनं असायचं. १९४४ साली अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स या गावी ४४ देशांची बैठक झाली. तिथे ठरलं की ३५ डॉलरला एक औंस, म्हणजे साधारण ३१ ग्रॅम सोनं, आणि बाकी देशांनी आपलं चलन डॉलरला बांधायचं. अमेरिकेने मात्र लढायांवर आणि परदेशात इतका खर्च केला की बाहेर गेलेल्या डॉलरइतकं सोनं तिच्याकडे राहिलं नाही. १५ ऑगस्ट १९७१ ला, आपण इकडे झेंडावंदन करत होतो त्या दिवशी, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी जाहीर केलं की यापुढे डॉलरच्या बदल्यात सोनं मिळणार नाही. तेव्हापासून डॉलरच्या मागे सोनं नाही. रुपया डॉलरकडे बघतो, आणि डॉलर अमेरिकेच्या ताकदीकडे. सगळा डोलारा भरवशावर उभा आहे.

भरवसा पार उडाला तर काय होतं ते जर्मनीने १९२३ साली पाहिलं. पहिल्या महायुद्धाआधी एका डॉलरला साधारण ४ मार्क मिळत. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क झाले. कामगारांना रोजच्या रोज पगार मिळे आणि तो हातात पडताच पळत जाऊन भाकरी घ्यावी लागे, कारण संध्याकाळी भाव वाढलेला असे. ज्यांनी आयुष्यभर पैसे साठवले त्यांच्या हाती कागद राहिला. ज्यांच्याकडे जमीन, कारखाने, धान्य होतं ते तरले, आणि ज्या मोठ्या लोकांनी कर्जं घेतली होती त्यांची कर्जं फुकटात फिटली. ही गोष्ट ध्यानात ठेवा. चलन बुडतं तेव्हा सगळे सारखे बुडत नाहीत.

शंभर पोती तांदळाचा खेळ

आता १९९७ सालचं. थायलंडचं चलन बाट. एका डॉलरला २५ बाट असा भाव सरकारने बरीच वर्षं धरून ठेवला होता. तिथल्या कंपन्यांनी आणि बँकांनी परदेशातून स्वस्त व्याजाने डॉलर उचलले, तेही थोड्या मुदतीचे, आणि शहरात इमारतीच इमारती बांधल्या. पुढे इमारतींना गिऱ्हाईक मिळेना आणि निर्यातही थंडावली. पैसेवाल्यांनी ओळखलं की बाट हा भाव धरू शकणार नाही.

मग सट्टा सुरू झाला. तो समजायला अवघड नाही. समजा, एखादा व्यापारी गावात येऊन शंभर पोती तांदूळ उसना घेतो. बोली अशी की दोन महिन्यांनी शंभरच पोती परत करायची. तो ती सगळी पोती एकदम बाजारात ओततो. भाव पडतो. भाव पडलेला बघून बाकीचे घाबरतात, आपापला तांदूळ विकायला काढतात, भाव आणखी पडतो. मग तोच व्यापारी निम्म्या भावाने शंभर पोती विकत घेतो आणि बोलीप्रमाणे गावाला परत करतो. गावाला पोती शंभरच मिळाली, कोणी चोरी केली नाही, पण मधला पैसा गेला त्याच्या खिशात. तांदळाच्या जागी बाट ठेवा, गावाच्या जागी देश ठेवा. बस्स, हाच खेळ. १९९५ च्या मोजणीप्रमाणे जगात चलनांची खरेदी-विक्री दिवसाला १ लाख २० हजार कोटी डॉलरच्या घरात होत होती. त्यातला थोडासाच भाग खऱ्या मालाच्या देवघेवीसाठी असतो, बाकीचा या असल्या उलाढालीचा.

थायलंडच्या बँकेने बाट वाचवायला आपला डॉलरचा साठा ओतला. साठा संपत आला आणि २ जुलै १९९७ ला सरकारने हात टेकले. जानेवारीपर्यंत डॉलरला ५० हून जास्त बाट पडायला लागले. मलेशियाचे पंतप्रधान महाथीर यांनी चलनाचा हा व्यापार अनैतिक आहे असं उघड सांगितलं. श्रीमंत देशांचे लोक त्यांना हसले. पण वणवा एका डोंगरावर थांबत नसतो. कोरियात तर लोकांनी देश वाचवायला घरातल्या अंगठ्या, गळ्यातल्या साखळ्या आणून दिल्या. दोनशे टनांच्या वर सोनं गोळा झालं. कर्ज केलं होतं बड्या कंपन्यांनी आणि बँकांनी. सोनं उतरलं साध्या घरातल्या बायांच्या अंगावरून.

इंडोनेशिया: आधी धूर, मग भूक

आपण सगळ्यात जास्त लक्ष द्यावं असा देश इंडोनेशिया. तिथे आपल्यासारखेच जंगलात राहणारे, डोंगरउतारावर फिरती शेती करणारे लोक आहेत. त्यांचं जंगल तेव्हा कायद्याने सरकारचं होतं, आणि सरकारने ते लाकूडवाल्या आणि पामतेलवाल्या कंपन्यांना तोडून दिलेलं होतं. १९९७ साली तिथे पाऊस फार लांबला आणि जंगलं पेटली. धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत गेला. सरकारने सवयीप्रमाणे पहिलं बोट दाखवलं फिरती शेती करणाऱ्यांकडे. पुढे उपग्रहाची चित्रं आली आणि सप्टेंबरात सरकारलाच १७६ कंपन्यांची नावं जाहीर करावी लागली. मळ्यांसाठी जमीन मोकळी करायला आग लावल्याचा संशय या कंपन्यांवर होता. आपल्याकडे जंगल तुटलं की गार्ड कोणाच्या दारात येतो ते तुम्हाला सांगायला नको.

त्याच वर्षी तिथलं चलन कोसळलं. जुलै १९९७ मध्ये एका डॉलरला साधारण २,४०० रुपिया होते. जानेवारी १९९८ मध्ये तो भाव काही दिवस १६,००० च्याही पुढे गेला. कंपन्यांनी कर्ज घेतलं होतं डॉलरमध्ये, कमाई होती रुपियात. सहा महिन्यांत तेच कर्ज सहापट झालं. कारखाने बंद पडले, लाखो मजुरांना घरी पाठवलं. दुष्काळामुळे तांदूळ बाहेरून आणायचा होता आणि त्याला डॉलर हवे होते. तांदळाचा भाव वर्षभरात दुपटीवर गेला. मजुरी मात्र जिथल्या तिथे.

मग आलं आंतरराष्ट्रीय नाणेनिधी. ही संस्थाही ब्रेटन वुड्सच्या त्या बैठकीतूनच जन्मली. अडलेल्या देशाला ती कर्ज देते, पण अटी घालून. इंडोनेशियाला तिने आणि इतर देशांनी मिळून ४,००० कोटी डॉलरच्या आसपास मदत कबूल केली. पहिल्या अटींप्रमाणे १ नोव्हेंबरला १६ बँका एका दिवसात बंद केल्या. त्याने लोक आणखी घाबरले आणि बाकीच्या बँकांतूनही पैसे काढायला धावले. १५ जानेवारी १९९८ ला राष्ट्राध्यक्ष सुहार्तो वाकून करारावर सही करताहेत आणि नाणेनिधीचे प्रमुख हाताची घडी घालून मागे उभे आहेत, हा फोटो जगभर छापला गेला. सावकाराच्या ओट्यावर अंगठा देताना आपले वाडवडील असेच वाकायचे.

त्या करारात काही अटी चांगल्याही होत्या, हेही सांगायला हवं. सुहार्तोच्या मुलांच्या आणि मित्रांच्या मक्तेदाऱ्या मोडायच्या होत्या. सरकारने १९९४ मध्ये जंगल लावायच्या निधीतून विमान बनवणाऱ्या कारखान्याला ४०० अब्ज रुपिया दिले होते. अशा कारखान्याचे लाड बंद करायचे होते. पण त्याच कागदावर आणखी दोन गोष्टी होत्या. पामतेलाच्या मळ्यांत परदेशी भांडवलाला असलेली आडकाठी काढायची, आणि लाकडाच्या निर्यातीवरचे जबर कर कमी करायचे. कारण सरळ आहे. देशाला डॉलर हवेत. डॉलर मिळतात लाकडाचे, तेलाचे, खनिजाचे. आणि हे सगळं आहे कुठे? जंगलात राहणाऱ्यांच्या पायाखाली. कर्ज शहरात झालं, फेड जंगलातून करायची.

४ मे १९९८ ला सरकारने रॉकेल आणि बसभाडं वाढवलं. लोक रस्त्यावर आले. २१ मे ला ३२ वर्षं गादीवर बसलेले सुहार्तो पायउतार झाले. त्याआधी आठवडाभर जाकार्तात जे झालं तेही विसरायचं नाही. लोकांचा राग चिनी वंशाच्या दुकानदारांवर वळला. दुकानं जाळली, बायकांवर अत्याचार झाले, आगीत हजाराच्या वर माणसं मेली, आणि मेलेल्यांत बरेचसे गरीबच होते. कर्ज करणाऱ्यांना खरचटलंही नाही. महागाईत पोळलेल्या माणसाचा राग शेजाऱ्यावर वळवणं फार सोपं असतं, आणि वळवणारे सगळीकडे असतात. आपल्याकडेही आहेत.

मेक्सिको: आधी कायदा बदलला, मग चलन पडलं

दुसरं उदाहरण मेक्सिकोचं. तिथल्या आदिवासींनी आणि शेतकऱ्यांनी क्रांती करून १९१७ च्या राज्यघटनेत जमिनीचा हक्क मिळवला होता. गावाला सामाईक जमीन मिळायची. तिला एहिदो म्हणतात. ती कसायची, पण विकायची नाही, गहाण टाकायची नाही. सावकाराला आणि कंपनीला तिथे शिरकाव नव्हता.

१९९२ मध्ये तिथल्या सरकारने घटनेचं २७ वं कलम बदललं. जमीनवाटप संपलं असं जाहीर केलं आणि एहिदोची जमीन विकायला, भाड्याने द्यायला वाट करून दिली. सांगितलं काय, तर परदेशी भांडवल येईल, प्रगती होईल. १ जानेवारी १९९४ ला अमेरिकेबरोबरचा खुल्या व्यापाराचा करार लागू झाला. अमेरिकेचा स्वस्त मका येणार आणि आपला मका मरणार, हे आदिवासींना कळत होतं. त्याच दिवशी चियापास राज्यातले माया आदिवासी हत्यारं घेऊन उठले.

परदेशी भांडवल आलं खरं, पण ते जमिनीत नांगर घालायला आलेलं नव्हतं. ते आलं होतं व्याज खायला. डिसेंबर १९९४ मध्ये ते पळालं. एका डॉलरला साडेतीन पेसोंच्या आत असलेला भाव तीन महिन्यांत ७ च्या वर गेला. कर्जाचं व्याज वर्षाला ७० टक्क्यांच्या पुढे गेलं. वर्षभरात महागाई ५० टक्क्यांनी वाढली. शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर, घरं, जमिनी बँकांनी जप्त करायला घेतल्या. कर्जबाजारी शेतकऱ्यांनी मोठं आंदोलन उभं केलं. त्यांचं म्हणणं असं होतं की देणं आम्ही नाकारत नाही, पण रास्त असेल तेवढंच देऊ. अमेरिका आणि नाणेनिधी यांनी मिळून ५,००० कोटी डॉलरची सोय केली. त्यातून पहिले सोडवले गेले ते परदेशी सावकार. तारण म्हणून मेक्सिकोच्या तेलाच्या निर्यातीचा पैसा अमेरिकेतल्या बँकेतून वळवला गेला.

आता यातली खरी गोम. जानेवारी १९९५ मध्ये एका मोठ्या अमेरिकन बँकेच्या सल्लागाराने लिहून ठेवलं की परदेशी गुंतवणूकदारांचा भरवसा परत मिळवायचा तर सरकारला चियापासच्या बंडखोरांचा बंदोबस्त करावा लागेल. तो कागद पुढे बाहेर आला. त्याच फेब्रुवारीत लष्कर चियापासच्या गावांत घुसलं. बँकेच्या सांगण्यावरूनच घुसलं असं आम्ही म्हणत नाही. पण चलनाचा भरवसा आणि आदिवासीची जमीन यांचा संबंध काय, असं ज्यांना वाटतं त्यांनी या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात. १९९६ मध्ये सरकारने आदिवासींच्या हक्कांचा करार केला आणि पुढची दोन वर्षं तो पाळला नाही.

आपल्याकडे काय?

आपला देशही काठावरून परत आलेला आहे. १९९१ मध्ये सरकारकडे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले होते. मे महिन्यात २० टन सोनं परदेशी बँकेला देऊन डॉलर आणले, जुलैत आणखी ४७ टन गहाण टाकलं. १ आणि ३ जुलैला सरकारने रुपयाची किंमत उतरवली. २१ रुपयांचा डॉलर २६ च्या आसपास गेला. नाणेनिधीचं कर्ज आलं आणि अटीही आल्या. खताचे भाव त्याच महिन्यात वाढले. दोन वर्षांनी, १९९३ मध्ये, नवीन खनिज धोरण आलं आणि लोखंडासकट १३ खनिजांच्या खाणी खाजगी कंपन्यांना खुल्या झाल्या. ती खनिजं कोणाच्या डोंगरात आहेत? गडचिरोलीत, बस्तरमध्ये, ओडिशात, झारखंडात. सोनं गहाण टाकल्याची बातमी सगळ्यांनी वाचली. डोंगर गहाण पडायला लागल्याची बातमी कोणी दिली नाही.

१९९७ च्या उन्हाळ्यात डॉलर ३६ रुपयांना होता. १९९८ मध्ये अणुस्फोट झाले, निर्बंध आले आणि तो ४२ च्या पुढे गेला. रॉकेल, डिझेल ज्या तेलातून निघतं ते तेल बरंचसं बाहेरून येतं आणि डॉलरने येतं. म्हणजे रुपया पडला की आज ना उद्या एस.टी.चं तिकीट आणि दिव्यातलं घासलेट महागणार. आपल्याच राज्यात दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा करार असा केलेला होता की विजेच्या दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. ज्या पाड्यांवर तेव्हा विजेचा खांब गेलेला नव्हता त्यांच्या राज्य सरकारच्या तिजोरीतून हे बिल जाणार होतं. तिजोरी रिकामी झाली की कात्री कशाला लागते? रोजगार हमीला, खावटीला, आश्रमशाळेला.

इंडोनेशियासारखी पडझड आपल्याकडे झाली नाही याचं एक कारण म्हणजे आपल्याकडे पैशाला तेव्हा कुंपण होतं. परदेशी सट्टेवाल्याला हवे तितके रुपये उसने घेऊन ओतता येत नव्हते, आणि इथल्या धनवानाला रातोरात पैसा बाहेर नेता येत नव्हता. पण हे कुंपण काढायची तयारी तेव्हाच झालेली होती. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या तारापोर समितीने १९९७ च्या मे महिन्याच्या शेवटी अहवाल दिला की तीन वर्षांत, म्हणजे २००० सालापर्यंत, पायरीपायरीने हे कुंपण काढावं. पुढच्याच महिनाभरात थायलंड कोसळलं, म्हणून तेव्हा सगळे गप्प झाले. गप्प बसले, विचार सोडलेला नव्हता.

दोन शंका

काही साथी म्हणतात, जमीन आहे, जंगल आहे, कंद आहे, मोह आहे, आपण तरून जाऊ. यात बरंच खरं आहे. इंडोनेशियात कारखान्यातून काढलेले मजूर गावाकडेच परतले आणि शेतीने त्यांना सामावून घेतलं. ज्याच्या कोठीत नागली-वरई आहे त्याला नोट पडल्याने उपाशी राहावं लागत नाही. पण मीठ, तेल, औषध, कपडा यांना रोखच लागते. आपली बरीच घरं आठ महिने वीटभट्टीवर, ऊसतोडीला, बंदरावर जातात. मजुरी ठरते हंगामाच्या सुरवातीला, उचल आधीच घेतलेली असते, आणि बाजार मात्र नव्या भावाने करावा लागतो. मग पुढच्या साली उचल दुप्पट, आणि माणूस पुन्हा अडकला. लग्नगडी कायद्याने गेला, तो असा मागच्या दाराने परत येतो.

दुसरे म्हणतात, रुपया पडला की बाहेर जाणाऱ्या मालाला भाव मिळतो, मग हिरड्याला, डिंकाला भाव येईल. हेही अगदी खोटं नाही. इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावर कोको पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या हातात १९९८ मध्ये कधी नव्हे एवढे रुपिया आले. पण का आले ते नीट बघा. झाडं त्यांची होती, जमीन त्यांच्या ताब्यात होती, माल तेच विकत होते. आपला हिरडा व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो आणि डॉलरचा भाव आपल्याला कोणी सांगत नाही. जमीन आणि माल ज्याच्या ताब्यात, फायदा त्याचा. शिवाय ज्या मालाला भाव येतो त्या मालाच्या जमिनीवर बड्यांची नजर जाते. म्हणून भाव येण्याआधी हक्क कागदावर आला पाहिजे.

मग करायचं काय?

चलनाचा भाव आपण गावात बसून ठरवू शकत नाही. पण ते पडेल त्या दिवशी आपण कुठे उभे असू, हे आपल्या हातात आहे. आमच्या मते पाच गोष्टी आत्तापासून धराव्यात.

एक. कसत असलेल्या प्रत्येक प्लॉटचा पुरावा गोळा करा. दंडाच्या पावत्या, एकसालीचे कागद, म्हाताऱ्या माणसांचे जबाब, सगळं जपा. पावती चुलीजवळ खोवून ठेवू नका, पत्र्याच्या डब्यात ठेवा. संकटाच्या वर्षी सरकारला डॉलरसाठी जमीन लागते, आणि ज्या जमिनीला कागद नाही ती आधी जाते.

दोन. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ न देणारे कायदे सैल करायची भाषा कोणी केली, मग तो आपल्यातला आमदार का असेना, तर तिथल्या तिथे विरोध करा. जमीन विकायची मोकळीक म्हणजे आदिवासीला स्वातंत्र्य, हे बोलणं मेक्सिकोत ऐकून झालेलं आहे. तीन वर्षं व्हायच्या आत त्यांचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

तीन. ग्रामसभा भरवा आणि ठराव लिहून ठेवा. डिसेंबर १९९६ च्या केंद्राच्या कायद्याने अनुसूचित क्षेत्रात जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करणं बंधनकारक केलं आहे. जुलै १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्रच्या समता खटल्यात सांगितलं की अनुसूचित क्षेत्रातली सरकारी जमीनसुद्धा खाजगी खाणवाल्यांना पट्ट्याने देता येणार नाही. हा निकाल प्रत्येक गावात वाचून दाखवा. खाणवाले आणि त्यांचे वकील तो मोडायच्या मागे लागणारच.

चार. गावाची धान्यकोठी चालू करा. सुगीला प्रत्येक घराने पायलीभर टाकायचं, आषाढ-श्रावणात उसनं न्यायचं, दिढीने नाही तर नावापुरत्या वाढीने परत करायचं. आणि रेशनचं दुकान सोडू नका. रेशन बंद करा, पैसे देतो, असं सरकार म्हणालं तर नको म्हणा. पडत्या चलनात दहा किलो तांदूळ दहा किलोच राहतो. दहा किलोचे म्हणून दिलेले पैसे सहा महिन्यांत सहा किलोचे होतात.

पाच. मजुरीची मागणी भावाशी बांधून करा. रोजगार हमी असो की वीटभट्टी, महागाई वाढेल तसा दर वाढला पाहिजे. एन्रॉनचा दर डॉलरशी बांधता आला, तर मजुराचा दर तांदळाशी का बांधता येऊ नये?

याशिवाय, पैशाचं कुंपण काढू नका, ही मागणी शहरातल्या कामगार संघटनांनी लावून धरली आहे की नाही हे आपण त्यांना विचारलं पाहिजे. हा प्रश्न बँकवाल्यांचा आहे असं समजून सोडून देऊ नये. सुमात्रातल्या जंगलात राहणाऱ्या माणसाने जाकार्तातली बँक कधी बघितलेली नव्हती. बँक बुडाली आणि पामचा मळा त्याच्या दारात आला.

येत्या महिन्याच्या तालुका बैठकीत हा विषय ठेवलेला आहे. येताना प्रत्येक पाड्याने दोन याद्या आणाव्यात: किती घरांच्या प्लॉटला अजून एकही कागद नाही, आणि किती घरांनी या हंगामाची उचल आधीच घेतलेली आहे. पहिल्या यादीतली घरं आधी कोण पकडणार आणि दुसरीतली कशी सोडवायची, हे त्या दिवशी बसून ठरवू.

जिंदाबाद!